अटॅक नव्हता, मग छातीत दुखले कशाने? : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझे वय ५२ असून मी एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. दिवाळीनंतर एके रात्री जेवण झाल्यावर छातीच्या मध्यभागी दाटून आल्यासारखे झाले आणि डावा खांदा जड पडला. मुलाने लगेच रुग्णालयात नेले. तेथे दोनदा ईसीजी काढला आणि तीन तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन तपासले; पहिला आकडा ११ आला, दुसरा १२. ‘अटॅक नाही, पित्त असावे’ असे सांगून सकाळी घरी सोडले आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मला रक्तदाब आहे आणि वडिलांची ५५व्या वर्षी बायपास झाली होती. कोणी म्हणते सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन) करून घ्या, कोणी म्हणते उगाच खर्च. मी काय करावे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या मुलाने घरी सोडा-लिंबू देत न बसता आपल्याला तडक रुग्णालयात नेले, हे अगदी योग्य केले. छातीत असे दुखू लागले की कोणत्याही स्कॅनच्या आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन याच दोन तपासण्या महत्त्वाच्या असतात. स्कॅनसेंटरची वेळ घेऊन दोन दिवसांनी जाण्याचा हा प्रसंग नव्हे. दुखणे पुन्हा उद्भवले, तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट तातडीच्या विभागातच जावे.

आता आकड्यांविषयी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. हल्लीच्या अतिसंवेदनशील चाचणीत ते नॅनोग्रॅम प्रतिलिटर या एककात मोजतात. आपले दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे त्या रात्री ट्रोपोनिन चढत नव्हते. त्यामुळे ‘अटॅक नाही’ हा डॉक्टरांचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु ‘अटॅक नाही’ आणि ‘हृदयाच्या धमन्या स्वच्छ आहेत’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. ‘पित्त असावे’ या शब्दांनी हा विषय मिटवणे मला मान्य नाही.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथील हृदयरोगतज्ज्ञांनी नेमक्या आपल्यासारख्या रुग्णांचा अभ्यास केला आहे. तेथील चाचणीत ट्रोपोनिन ५ पेक्षा कमी असेल, तर नजीकच्या काळातील धोका फारच कमी मानतात. स्त्रियांमध्ये १६ आणि पुरुषांमध्ये ३४ च्या वर गेले, तर हृदयाला इजा झाली असे धरतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ज्यांचा आकडा येतो, त्यांना अटॅक नसतो आणि तरीही पूर्ण निर्धास्त राहावे असेही नसते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, छातीत दुखते म्हणून आलेल्या पण अटॅक नसल्याचे ठरलेल्या २५० जणांची सीटी अँजिओग्राफी केली गेली. मधल्या पट्ट्यातील सुमारे ७२ टक्के लोकांच्या धमन्यांत आजार आढळला, तर ५ च्या खालच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. आजार सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्याची आधी कल्पनाच नव्हती. मला सर्वांत बोलकी वाटते ती आणखी एक गोष्ट : दुखण्याचे स्वरूप ‘हृदयाचे वाटते’ की ‘वाटत नाही’, यावरून आजार असलेले आणि नसलेले वेगळे काढता आले नाहीत. दोन्ही गटांत आजाराचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. तेव्हा जेवणानंतर दुखले म्हणून ते पित्तच, असे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही.

आपला आकडा मधल्या पट्ट्यात आहे, रक्तदाब आहे, वडिलांचा इतिहास आहे आणि वय ५२ आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचा पहिल्या अटॅकच्या वेळचे सरासरी वय ५३ निघाले होते. इतर देशांतील लोकांत ते जवळजवळ ५९ होते. या साऱ्याचा विचार करता, आपण येत्या काही दिवसांतच हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे आणि सीटी अँजिओग्राफीविषयी स्पष्ट विचारावे, असा माझा सल्ला आहे. सोबत त्या रात्रीचे दोन्ही ईसीजी, ट्रोपोनिनचे दोन्ही अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड न्यावे. ट्रोपोनिनच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, त्यामुळे चाचणी कोणती होती हेही डॉक्टरांना कळायला हवे. तसेच मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची कमकुवत पंपिंग किंवा नुसते वाढते वय यांमुळेही ट्रोपोनिन थोडे वर असू शकते. आपल्या बाबतीत तसे काही आहे का, हे डॉक्टर तपासतीलच.

याच संदर्भात लहान गावांतील वाचकांसाठी एक सूचना. अनेक ठिकाणी अजून कार्डावरची ट्रोपोनिन चाचणी करतात. ती केवळ ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढेच सांगते, मधला पट्टा तिच्यात दिसतच नाही. अशा ‘निगेटिव्ह’ कार्डावर विसंबून पुढची तपासणी टाळू नये.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८ आहे. चालताना छातीत जळजळ होते म्हणून सीटी अँजिओग्राफी केली. अहवालात ‘एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत) ३० ते ४० टक्के, मृदू प्लाक, कॅड-रॅड्स २’ असे लिहिले आहे. आमच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभरासाठी सुरू केली. यजमानांचे म्हणणे असे, की ब्लॉकेज ५० टक्क्यांच्या आत आहे, मग गोळी कशाला? दुसरीकडे एका परिचितांनी सांगितले की आत्ताच स्टेंट टाकून घ्या, म्हणजे काळजी मिटेल. कोणाचे ऐकावे?
(एक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. यजमानांचे म्हणणे आणि परिचितांचे म्हणणे वरवर परस्परविरोधी दिसते, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : हृदयविकार म्हणजे धमनी किती टक्के अरुंद झाली एवढेच. टक्केवारी कमी म्हणून यजमान गोळी नाकारतात आणि टक्केवारी वाढू नये म्हणून परिचित स्टेंट सुचवतात.

प्रत्यक्षात अटॅक बहुतेक वेळा होतो तो धमनीच्या भिंतीतील चरबीच्या थरावरचे, म्हणजे प्लाकवरचे, पातळ आवरण फाटल्यामुळे. आवरण फाटले की आतील चरबीचा रक्ताशी संपर्क येतो, तेथे काही मिनिटांत गुठळी धरते आणि वाट बंद होते. हा थर ३० टक्क्यांचा असला तरी फाटू शकतो, आणि मृदू, चरबीयुक्त थर कॅल्शियम साचून कडक झालेल्या थरापेक्षा अधिक बेभरवशाचा असतो. एडिंबराच्याच संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की सीटीवर ज्यांच्या धमन्यांत अशा मृदू थराचे प्रमाण ४ टक्क्यांहून जास्त होते, त्यांना पुढे अटॅक येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. म्हणून आपल्या अहवालातील ‘३० ते ४० टक्के’ या शब्दांपेक्षा ‘मृदू प्लाक’ या शब्दांकडे मी अधिक लक्ष देईन. कॅड-रॅड्स ही ० पासून ५ पर्यंतची प्रतवारी आहे. ० म्हणजे प्लाक नाही, ५ म्हणजे धमनी पूर्ण बंद, आणि २ म्हणजे २५ ते ४९ टक्के अरुंदता. ही प्रतवारी प्रामुख्याने अरुंदतेची आहे, हे ध्यानात ठेवावे.

धमनीच्या पोकळीत डोकावून पाहणे हे नेहमीच्या, हातातून किंवा मांडीतून केल्या जाणाऱ्या अँजिओग्राफीचे काम. त्या तपासणीत ३० टक्क्यांचा थर पुष्कळदा ‘किरकोळ अनियमितता’ म्हणून नोंदवला जाऊन विसरला जातो. सीटी स्कॅन मात्र पोकळीबरोबर भिंतही दाखवतो. त्यामुळेच अटॅक येण्याच्या कितीतरी आधी उपचार सुरू करण्याची संधी मिळते, आणि या तपासणीचे खरे मोल तिथे आहे.

त्याचा पुरावा स्कॉट-हार्ट या अभ्यासात मिळतो. स्कॉटलंडमधील १२ हृदयरोग केंद्रांत, छातीत दुखण्याची तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ४,१४६ जणांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला त्यांच्याबरोबर सीटी अँजिओग्राफी. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले : सीटी झालेल्या गटात अटॅक किंवा हृदयधमनीच्या विकाराने मृत्यू २.३ टक्के लोकांना आला, दुसऱ्या गटात ३.९ टक्के लोकांना. विशेष म्हणजे पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचे प्रमाण सारखेच होते. फरक पडला होता तो गोळ्यांत. सीटीमुळे ज्यांच्या धमन्यांत थर दिसला त्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि गरजेनुसार ॲस्पिरिन सुरू झाले, आणि ज्यांच्यात दिसला नाही त्यांच्या काही गोळ्या बंदही झाल्या. स्कॅनच्या यंत्राने कोणाचा अटॅक टाळला नाही. स्कॅन पाहून लिहिलेल्या आणि रुग्णांनी घेतलेल्या गोळ्यांनी तो टाळला.

यजमानांना हे शांतपणे समजावून सांगावे. ३० ते ४० टक्क्यांच्या थरावर स्टेंट टाकून पुढचा अटॅक टळतो, असे मानायला आधार नाही. शिवाय स्टेंट एका सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यावर बसतो आणि थर तर सगळ्याच धमन्यांत कमीअधिक पसरलेला असतो. स्टॅटिन मात्र सर्वत्र पोचते. थरातील चरबी ते कमी करते आणि आवरण घट्ट करते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साधारणपणे ७० मिलिग्रॅमच्या खाली आणि धोका जास्त असेल तर ५५ च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवतात. गोळी सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून ते साधले का, हे पाहावे. ॲस्पिरिनचा निर्णय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, कारण पोटात व्रण किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल तर तिचा फायद्यापेक्षा तोटा अधिक होऊ शकतो. ती आपल्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये. चालताना होणारी जळजळ तशीच राहिली किंवा वाढली, तर मात्र पुन्हा दाखवावे. त्या अरुंदतेने त्या तक्रारीचा उलगडा होत नसेल, तर कारण दुसरे शोधावे लागेल.

प्रश्न : आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये माझा कॅल्शियम स्कोअर शून्य आला. वय ४३. पण जिना चढताना छाती भरून येते. स्कोअर शून्य असल्यामुळे हृदयाचा प्रश्न नाही असे समजू का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. कॅल्शियम स्कोअर ही सीटी अँजिओग्राफीहून वेगळी, डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) न देता होणारी तपासणी आहे आणि ती केवळ कॅल्शियम साचलेला, जुना थर मोजते. मृदू थर तिच्यात दिसत नाही. काहीही त्रास नसलेल्या माणसात शून्य स्कोअर खरोखर दिलासा देणारा असतो. परंतु चाळिशीतील भारतीय पुरुषाला श्रमाने छाती भरून येत असेल, तर त्या शून्यावर विसंबून राहता येत नाही. आपण तंबाखू किंवा सिगारेट घेत असाल, तर शंका आणखी वाढते. कृपया या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर जिने चढण्याची परीक्षा पाहू नये. विश्रांतीतही दुखू लागले, तर वर सांगितल्याप्रमाणे थेट तातडीचा विभाग गाठावा.

प्रश्न : माझी बहीण ग्लासगोला असते. तिच्या छातीत दुखू लागले तेव्हा तिच्या डॉक्टरांनी थेट सीटी अँजिओग्राफी सांगितली. मला मात्र येथे आधी टीएमटी करायला सांगितले. आपल्याकडे जुन्या पद्धतीने तपासतात का? आणि छातीत दुखून येणाऱ्या प्रत्येकालाच सीटी का करीत नाहीत?
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर : ब्रिटनमधील नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये आपल्या सूचना बदलल्या आणि छातीत नव्याने दुखू लागलेल्या, पूर्वी हृदयविकार माहीत नसलेल्या रुग्णांसाठी सीटी अँजिओग्राफी ही पहिली तपासणी ठरवली. त्यामुळे आपल्या बहिणीला मिळालेला सल्ला तेथील पद्धतीला धरूनच आहे. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होतो. श्रमाने हृदयाला रक्त कमी पडते का, एवढे तो सांगतो. धमनीच्या भिंतीत थर आहे की नाही, ते सांगत नाही. स्त्रियांमध्ये त्याचा निकाल खोटा ‘पॉझिटिव्ह’ येण्याचे प्रमाणही लक्षात घ्यावे लागते. टीएमटी सामान्य आली तरी आपले वय, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि घराण्यातील इतिहास पाहून प्रतिबंधक गोळ्यांचा विचार झाला का, हे आपण आवर्जून विचारावे. तसा विचार होत नसेल, किंवा तक्रार कायम असेल, तर सीटीची मागणी रास्त ठरते.

प्रत्येकालाच सीटी का नाही, हा प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तरही ब्रिटनमधूनच मिळाले. तेथील ३७ रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या १,७४८ रुग्णांवर रॅपिड-सीटीसीए हा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांचा ट्रोपोनिन वाढलेला होता, ईसीजी बिघडलेला होता किंवा त्यांना आधीपासून हृदयविकार होता. त्यांच्यात लवकर सीटी केल्याने वर्षभरातील मृत्यू किंवा अटॅकच्या प्रमाणात फरक पडला नाही. एका गटात ते ५.८ टक्के होते, दुसऱ्यात ६.१ टक्के. कारण सरळ आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना उपचार लागणार हे स्कॅनच्या आधीच ठरलेले होते. ज्याला आधी स्टेंट पडला आहे किंवा ज्याचा अटॅक सिद्धच झाला आहे, त्याला स्टॅटिन द्यावे की नाही, हे विचारायला स्कॅन कशाला हवा? तसेच पंचविशीतल्या निरोगी तरुणाची बरगडी दाबल्यावर दुखते, तेव्हाही स्कॅन काही नवे सांगत नाही. स्कॅनचा उपयोग मधल्या माणसांना : अटॅक नाही, निदान नाही, गोळी नाही, पण शंका घेण्यास जागा आहे. तेथे एका चित्राने पुढच्या वीस वर्षांच्या औषधोपचाराची दिशा ठरते.

प्रश्न : मला सीटी अँजिओग्राफी सांगितली आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो, क्रिएटिनिन १.६ आहे. डाय आणि किरणोत्सर्ग यांची भीती वाटते.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : क्रिएटिनिन १.६ म्हणजे तपासणी बाद झाली असे नव्हे. परंतु त्यावरून मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढून तो आकडा डॉक्टरांना व स्कॅनसेंटरला आधी कळवणे आवश्यक आहे. तो ३० च्या वर असेल, तर शिरेतून डाय देण्यास बहुधा हरकत नसते. मेटफॉर्मिन किती तास थांबवायची, हेही त्यावरच ठरते. आपण परस्पर बंद करू नये. पूर्वी डायची किंवा इतर कशाची ॲलर्जी आली असेल, दमा असेल, तर ते न विसरता सांगावे. किरणोत्सर्गाचे म्हणाल, तर आधुनिक यंत्रावर हा डोस साधारण १ ते ५ मिलिसिव्हर्ट असतो. जमीन, हवा, अन्न यांतून माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. योग्य कारणासाठी एकदा केलेल्या तपासणीला घाबरण्याचे कारण नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून चहा-कॉफी घेऊ नये, कारण हृदयाचे ठोके मिनिटाला साठच्या आसपास आणावे लागतात. त्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा फवारा देतात, त्यामुळे थोडा वेळ डोके दुखते. लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल, तर संकोच न करता आधीच सांगावे. दोन्हींच्या संयोगाने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. यंत्रावर हात डोक्यावर घेऊन झोपायचे असते. डाय शिरेत जाताच अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्याचा भास होतो. तो केवळ भासच असतो. त्याच वेळी काही सेकंद श्वास पूर्ण रोखायचा असतो आणि चित्राची स्पष्टता त्यावर अवलंबून असते, म्हणून आदल्या दिवशी घरी सराव करून जावे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी सीटीमध्ये थोडा प्लाक दिसला म्हणून रोसुव्हास्टॅटिन सुरू झाले. आता एलडीएल ५२ आहे. गोळी बंद करून पुन्हा स्कॅन केला तर चालेल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एलडीएल ५२ आहे तो गोळी चालू आहे म्हणून. बंद केल्यावर काही आठवड्यांत तो पूर्वीच्या जागी येतो, आणि धमनीतील थर तर कोठे गेलेला नसतो. स्कॉट-हार्टच्या रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात सीटी झालेल्या गटात ६.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ८.२ टक्के लोकांना अटॅक किंवा हृदयधमनीच्या विकाराने मृत्यू आला, आणि प्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण दहा वर्षांनंतरही पहिल्या गटातच अधिक होते. नवीन तक्रार नसेल तर ठरावीक मुदतीने स्कॅन करण्याची गरज नाही. स्टॅटिनमुळे मृदू थर कडक होतो आणि त्यात कॅल्शियम वाढते, त्यामुळे पुन्हा कॅल्शियम स्कोअर काढल्यास तो चढलेला दिसून आपल्याला विनाकारण धास्ती बसेल.

गोळीने स्नायू दुखतात किंवा साखर किंचित वाढते असे काहींच्या बाबतीत होते. तसे काही असेल तर गोळी न थांबवता डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, दुसरे स्टॅटिन देता येते किंवा इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे वेगळे औषध जोडता येते. वर्षातून एकदा एलडीएल, यकृताचे एंझाइम आणि साखर तपासावी, रक्तदाब घरी मोजून वहीत लिहून ठेवावा, आणि पुढच्या भेटीला ती वही व स्कॅनचा मूळ अहवाल सोबत न्यावा.